कृत्रिम बुद्धिमत्तेतील एम.टेक.साठी अर्ज : गेटच्या पेपरनिवडीपासून प्रवेशाच्या दिवसापर्यंत

बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, म्हणजे आयआयएससी, आणि देशातील जुन्यानव्या आयआयटी यांमधील कृत्रिम बुद्धिमत्ता व विदाविज्ञान (डेटा सायन्स) या विषयांच्या एम.टेक. जागा मोजक्या असतात आणि त्यांवर डोळा ठेवून असणारे विद्यार्थी दरवर्षी वाढत आहेत. या प्रवेशांविषयी बोलताना सगळी चर्चा गेट या अभियांत्रिकी पदव्युत्तर प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेतील गुणांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पुरेसा स्कोअर हाती असूनही जागा हुकलेल्या विद्यार्थ्यांची प्रकरणे पाहिली, तर कारण बहुधा परीक्षेबाहेरचे निघते : चुकीचा पेपर निवडलेला असतो, निकालाआधीच मुदत संपलेली असते, जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला असतो, किंवा ऑफरच्या फेरीत घाईने चुकीचे बटण दाबलेले असते. परीक्षेचा अभ्यास कसा करावा हे सांगणारे साहित्य मुबलक उपलब्ध असल्याने प्रस्तुत लेखात भर आहे तो या बाकीच्या कामावर.

अभ्यासक्रम ओळखून घ्या

एम.टेक. या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिला प्रकार दोन वर्षांच्या, वर्गातील विषय आणि शेवटी मोठा प्रकल्प असलेल्या अभ्यासक्रमाचा. आयआयएससीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे एम.टेक. या प्रकारात मोडते. दुसरा प्रकार संशोधनप्रधान पदवीचा. तिला कोठे एम.टेक. (रिसर्च) म्हणतात, तर कोठे एम.एस. बाय रिसर्च; तिच्यात विषय कमी आणि प्रबंधाचे काम जास्त असते. तिसरा प्रकार नोकरदारांसाठीच्या ऑनलाइन एम.टेक.चा आहे. त्यासाठी बहुधा गेट लागत नाही. मात्र विद्यावेतन मिळत नाही आणि शुल्कही बरेच असते. तो अभ्यासक्रम वाईट असतो असे नाही, पण जाहिरातीत संस्थेचे नाव ठळक आणि अभ्यासक्रमाचा प्रकार बारीक अक्षरात असल्याने पालकांची गल्लत होते, म्हणून हा उल्लेख.

आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागाचे उदाहरण घेतले तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथे अध्यापन साहाय्यक म्हणून दोन वर्षांचे एम.टेक. करता येते आणि संशोधन साहाय्यक म्हणून तीन वर्षांचे. पहिल्या प्रकारात गेटचा स्कोअरच निर्णायक असतो आणि त्याची पातळी फार उंच जाते. दुसऱ्या प्रकारात चाचणी व मुलाखत असते, त्यामुळे स्कोअर थोडा कमी असलेल्या, पण प्रोग्रॅमिंगची चांगली बैठक असलेल्या विद्यार्थ्याला तेथे खरी संधी मिळते. एक वर्ष जास्त जाते म्हणून अनेक जण हा पर्याय भरतच नाहीत. माझ्या मते ज्याला पुढे संशोधनाकडे किंवा सखोल तांत्रिक कामाकडे जायचे आहे, त्याच्या दृष्टीने ते तिसरे वर्ष वाया जात नाही.

आयआयएससीत कृत्रिम बुद्धिमत्तेखेरीज संगणनात्मक व विदाविज्ञान विभागाचे एम.टेक. आहे, आणि २०२१ पासून क्वांटम तंत्रज्ञानाचेही एम.टेक. सुरू आहे, भौतिकशास्त्रातून एम.एस्सी. करणाऱ्यांनी त्याची माहितीपुस्तिका अवश्य पाहावी. आयआयटी दिल्लीत यार्दी कृत्रिम बुद्धिमत्ता विद्यालय, आयआयटी मद्रासमध्ये वाधवानी विदाविज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता विद्यालय आणि आयआयटी हैदराबादमध्ये स्वतंत्र कृत्रिम बुद्धिमत्ता विभाग आहे. यांशिवाय नावात कृत्रिम बुद्धिमत्ता नसलेले, पण त्याच विषयाचे प्राध्यापक असलेले विद्युत, गणित किंवा संगणकशास्त्र विभागही असतात. यादी करताना पदवीच्या नावाकडे न पाहता विभागातील प्राध्यापकांच्या पानांवर जाऊन गेल्या तीन-चार वर्षांत त्यांनी कशावर काम केले आहे हे पाहावे.

गेटचा पेपर : पहिला आणि न बदलता येणारा निर्णय

गेटचा अर्ज साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये भरता येतो, परीक्षा फेब्रुवारीत होते आणि निकाल मार्चमध्ये लागतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षात असलेल्यालाही परीक्षा देता येते आणि स्कोअर निकालापासून तीन वर्षे ग्राह्य राहतो. तिसऱ्या वर्षीच एकदा परीक्षा देऊन ठेवण्याचा सल्ला यामुळेच दिला जातो.

२०२४ च्या गेटपासून विदाविज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता हा स्वतंत्र पेपर सुरू झाला. विद्यार्थी त्याला डीए म्हणतात. संभाव्यता व संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कलन व इष्टतमीकरण (ऑप्टिमायझेशन), पायथॉनमधील प्रोग्रॅमिंग व डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, मशीन लर्निंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असा त्याचा अभ्यासक्रम आहे. संगणकशास्त्राच्या, म्हणजे सीएस पेपरमधील ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, संगणक रचना आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन हे भाग त्यात नाहीत. यंत्र किंवा स्थापत्य शाखेतून येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे डीए जवळचा वाटतो, आणि ते योग्यही आहे. अडचण अशी, की केवळ सीएस पेपरच मान्य करणारे विभागही आहेत. म्हणून क्रम उलटा ठेवावा : आधी आपल्या यादीतील प्रत्येक अभ्यासक्रमाला कोणते पेपर आणि कोणत्या पदव्या चालतात याची नोंद करावी आणि मगच पेपर निवडावा. ठरावीक जोड्यांमध्ये दोन पेपर देण्याची मुभा २०२१ पासून आहे आणि सीएस व डीए ही जोडी त्यात बसते. दोन्हींचा गणिताचा व प्रोग्रॅमिंगचा भाग बराच समान असल्याने संगणक शाखेच्या विद्यार्थ्याने दोन्ही द्यावेत असे मला वाटते. मात्र इतर शाखेच्या विद्यार्थ्याने केवळ दारे उघडी ठेवण्यासाठी सीएसचा संपूर्ण अभ्यासक्रम अंगावर घेण्यापूर्वी हातातील महिने मोजावेत.

परीक्षेबद्दल थोडक्यात एवढेच : तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण आणि त्यांपैकी १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना उणे गुण असतात. अनेक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या आणि उत्तराचा आकडा स्वतः भरायच्या प्रश्नांना नसतात. म्हणजे या दोन प्रकारांतील एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही.

गुण आणि स्कोअर यांतील फरक मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण संस्था पाहतात तो १००० पैकीचा स्कोअर. पात्रतेच्या गुणांना ३५० आणि त्या पेपरमधील अव्वल ०.१ टक्का किंवा अव्वल १० परीक्षार्थी, यांपैकी जो गट मोठा असेल त्याच्या सरासरी गुणांना ९०० असा स्कोअर धरून मधल्यांचे गुण त्या पट्टीवर बसवले जातात. समजा एखाद्या पेपरची पात्रता ३० गुणांवर आहे आणि अव्वल गटाची सरासरी ८५ आहे. अशा वेळी ६० गुण मिळवणाऱ्याचा स्कोअर ३५० अधिक ५५० गुणिले ३० भागिले ५५, म्हणजे ६५० येईल. पुढच्या वर्षी पेपर सोपा निघून अव्वल गटाची सरासरी ९५ झाली, तर पात्रता तीच राहूनही ६० गुणांचा स्कोअर सुमारे ६०४ होईल. त्यामुळे ‘गेल्या वर्षी अमुक गुणांना प्रवेश मिळाला’ हे वाक्य निरुपयोगी आहे. विचारायचे ते अमुक प्रवर्गाचा, अमुक फेरीतला शेवटचा स्कोअर किती होता, आणि तोही त्याच पेपरचा.

अर्जाची खिडकी निकालाची वाट पाहत नाही

गेट हा केवळ स्कोअर आहे. आयआयटी व आयआयएससी यांसाठी प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो आणि वेगळे शुल्क भरावे लागते. आयआयएससीचा अर्ज सामान्यतः फेब्रुवारीत सुरू होऊन मार्चच्या सुमारास बंद होतो, म्हणजे निकाल हाती येईपर्यंत मुदत जवळजवळ संपत आलेली असते. ‘आधी स्कोअर पाहू, मग ठरवू’ असे म्हणणारा विद्यार्थी येथेच मागे पडतो. उत्तरतालिका प्रसिद्ध झाली की स्वतःच्या गुणांचा अंदाज येतो. त्यावर भरवसा ठेवून अर्ज भरावेत. एनआयटीचे प्रवेश सीसीएमटी या वेगळ्या व्यवस्थेतून होतात आणि तिचे वेळापत्रकही वेगळे असते.

अर्ज भरताना तीन ठिकाणी काळजी घ्यावी. पदवीच्या गुणांच्या रकान्यात सीजीपीए मागितला असेल तर सीजीपीएच लिहावा. टक्केवारी मागितली असेल तर आपल्या विद्यापीठाचे अधिकृत सूत्र वापरावे आणि ते सूत्र छापलेले पत्र किंवा गुणपत्रिकेची मागची बाजू जोडावी. मुंबई, पुणे, नागपूर या विद्यापीठांची सूत्रे एकसारखी नाहीत, त्यामुळे सरसकट दहाने गुणून मोकळे होऊ नये. दुसरे, नावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे ठेवावे. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, वडिलांचे आणि अनेकदा आईचेही नाव येते, आणि आधार कार्डावर क्रम निराळा असतो. तिसरे, प्राधान्यक्रम विचारला असेल तर तो खऱ्या इच्छेप्रमाणे द्यावा. ‘वरचा पर्याय मिळणार नाही, म्हणून खाली टाकतो’ या हिशेबात मिळणारी जागाही हातची जाते.

दाखले : जानेवारीतच सुरुवात

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची सर्वाधिक धावपळ होते ती येथे. केंद्रीय संस्थांमध्ये अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ७.५, इतर मागासवर्ग २७ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक १० टक्के असे आरक्षण असते, आणि ते केंद्राच्या यादीप्रमाणे व केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यावर मिळते. राज्याच्या सीईटीला चाललेले नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र येथे चालत नाही. राज्याचा दाखला अनेकदा तीन वर्षे वापरता येतो. आयआयटी मात्र बहुधा प्रवेशाच्या वर्षातील १ एप्रिलनंतर काढलेला, केंद्राच्या नमुन्यातील दाखला मागतात. म्हणजे उत्पन्नाचे पुरावे, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या किंवा आजोबांच्या जातीची नोंद ही जमवाजमव जानेवारीत करून ठेवावी आणि १ एप्रिल उलटताच आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज दाखल करावा. अर्ज देताना ‘केंद्र शासनाच्या सेवा व शिक्षणासाठीचा नमुना’ हवा आहे हे स्पष्ट सांगावे आणि दाखला हातात पडताच तो इंग्रजीत व त्याच नमुन्यात आहे ना हे तेथेच तपासावे. जात वैधता प्रमाणपत्र राज्यातील प्रवेशांना लागते. आयआयटीच्या अर्जात ते सहसा विचारले जात नाही.

प्रवर्गांची नावेही जुळत नाहीत. राज्यात भटक्या जमातींच्या क आणि ड गटांत येणारे धनगर व वंजारी समाज केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात आहेत. उलट एसईबीसी, म्हणजे राज्याचा सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग, केंद्राच्या यादीत नाही. त्यामुळे एसईबीसीचा दाखला असलेल्या विद्यार्थ्याने आपण केंद्राच्या आर्थिक दुर्बल घटकाच्या निकषांत बसतो का हे पाहावे, आणि ज्यांच्याकडे कुणबी नोंद व तिचा रीतसर दाखला आहे त्यांनी इतर मागासवर्गाचा विचार करावा. आर्थिक दुर्बल घटकासाठी कुटुंबाचे उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असणे एवढेच पुरेसे नाही. कुटुंबाकडे ५ एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असेल तर हा लाभ मिळत नाही. मराठवाड्यात किंवा विदर्भात कोरडवाहू सहा एकरांतून वर्षाचा खर्चही निघत नसला तरी निकष तोच राहतो, आणि सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्र असेल तर कोणाचा हिस्सा किती हे तलाठ्याकडून आधीच स्पष्ट करून घेणे भाग पडते. हा निकष शेतकरी कुटुंबांना न्याय देणारा आहे असे मला वाटत नाही, पण अर्जदाराला तो पाळूनच पुढे जावे लागते.

हेतुपत्र आणि मुलाखत

विषयप्रधान एम.टेक.साठी अनेक ठिकाणी हेतुपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) मागत नाहीत. संशोधनप्रधान पदवीसाठी ते मागितले जाते, आणि तेथे मुलाखतही असते. ‘मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड असून कृत्रिम बुद्धिमत्ता जग बदलणार आहे’ अशा वाक्यांनी सुरू होणारे पत्र वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आम्ही चाळीतील कांद्याच्या छायाचित्रांवरून सडलेला कांदा ओळखणारे मॉडेल तयार केले. आमची सर्व छायाचित्रे एकाच चाळीतील आणि दिवसाच्या उजेडातील होती. दुसऱ्या चाळीत, दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात, अचूकता एकदम घसरली. प्रशिक्षणाच्या आणि प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीतील हा फरक कसा हाताळावा, हा प्रश्न मला पुढे अभ्यासायचा आहे.’ या चार-पाच वाक्यांत काम, उणीव आणि प्रश्न तिन्ही आले, आणि मुलाखतीत परीक्षक याच धाग्याला धरून विचारतील अशी व्यवस्थाही झाली. अर्थात जे केले नाही ते लिहू नये. दोन प्रश्नांत ते उघडे पडते.

मुलाखतीत परीक्षक बहुधा एक-दोन आवडते विषय विचारून त्यांतच खोलवर शिरतात. आवडता विषय म्हणून ‘मशीन लर्निंग’ सांगण्याचा मोह टाळावा. ‘रेषीय बीजगणित’ किंवा ‘संभाव्यता’ सांगणे अधिक सुरक्षित, कारण त्यांची तयारी पूर्ण करता येते. प्रश्न कसे असतात याचे एक उदाहरण कोव्हेरियन्स मॅट्रिक्सवरून, म्हणजे चले एकमेकांबरोबर कशी बदलतात हे मांडणाऱ्या मॅट्रिक्सवरून, पाहू. ‘कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू ऋण का असू शकत नाहीत?’ पाठ केलेले उत्तर ‘कारण ती पॉझिटिव्ह सेमीडेफिनिट असते’ असे येते, आणि पुढचा प्रश्न लगेच येतो : ‘ती तशी का असते?’ येथे फळ्यावर लिहायचे ते असे. कोणताही स्थिर सदिश घ्या, मूळ चलांचे त्या सदिशाच्या घटकांनी भारित केलेले संयोजन तयार करा; मॅट्रिक्सला दोन्ही बाजूंनी त्या सदिशाने गुणल्यावर येणारी संख्या म्हणजे त्या संयोजनाचे व्हेरियन्स, आणि व्हेरियन्स ही वर्गांची सरासरी असल्याने ऋण असूच शकत नाही. सदिश म्हणून एकक लांबीचा आयगेन व्हेक्टर घेतला की तीच संख्या आयगेन व्हॅल्यू होते. मग परीक्षक विचारतील, ‘एखादी आयगेन व्हॅल्यू शून्य आली तर विदेबद्दल काय कळते?’ व्याख्येपासून निघून पायरीपायरीने बोलणाऱ्याला हा प्रश्न अवघड जात नाही : त्या दिशेने विदेत काहीच पसरण नाही, म्हणजे चलांमध्ये एक रेषीय संबंध दडलेला आहे. उत्तर अडले तर गप्प राहू नये. दोन चलांचे छोटे उदाहरण घेऊन मोठ्याने विचार करावा. परीक्षक मध्येच सूचना देतात, आणि ती पकडून पुढे जाता येते का हेही ते पाहत असतात. इंग्रजी अडखळत असेल तरी चिंता नको; गणित फळ्यावर नीट उतरले की भाषेकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

कोॲप : तीन बटणे

आयआयटी व आयआयएससीच्या एम.टेक. ऑफर कोॲप या सामाईक संकेतस्थळावर दिसतात. ही समुपदेशनाची व्यवस्था नाही. येथे पसंतीक्रम भरायचा नसतो आणि येथील नोंदणीमुळे कोणत्याही संस्थेत अर्ज झाला असे होत नाही. तरीही नोंदणी करून तिचा क्रमांक संस्थेच्या अर्जात भरल्याशिवाय ऑफर पोहोचत नाही. फेऱ्या मे महिन्याच्या सुमारास सुरू होतात आणि प्रत्येक फेरीत उत्तर देण्यासाठी मोजकाच वेळ मिळतो. त्या दिवसांत लग्नकार्याला किंवा गावी जायचे असल्यास इंटरनेटची आणि शुल्काच्या पैशांची सोय आधी पाहावी.

प्रत्येक ऑफरपुढे तीन पर्याय येतात. ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’ म्हणजे ही जागा घेतली, पुढील फेऱ्यांतून मी बाहेर. ‘रिटेन अँड वेट’ म्हणजे ही जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत अधिक चांगल्या ऑफरची वाट पाहणे. ही मुभा कायमची नसते, म्हणून त्या वर्षीचे नियम फेरीआधी वाचावेत. ‘रिजेक्ट अँड वेट’ म्हणजे ही ऑफर नाकारली, आणि ती पुन्हा मिळण्याची आशा धरू नये. घोळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात, कारण दोन्हींच्या शेवटी ‘वेट’ आहे. फेरी सुरू होण्यापूर्वी आपल्या अभ्यासक्रमांची क्रमवार यादी कागदावर लिहावी आणि ‘यातील पाचव्यापर्यंत काही आले तर राखायचे, पहिले दोन आले तर थेट गोठवायचे’ असे घरच्यांशी बोलून ठरवून ठेवावे. ऑफर आल्यावर, घड्याळ चालू असताना, नातेवाइकांचे फोन घेत घेत हा विचार होत नाही.

जागा गोठवल्यावर शुल्क संस्थेच्या संकेतस्थळावर भरायचे असते. कोॲपवर स्वीकृती दिली पण शुल्काची मुदत चुकली, तरी जागा जाते. गेटद्वारे प्रवेश घेतलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते आणि त्याबदल्यात आठवड्याला सुमारे आठ तास अध्यापन किंवा प्रयोगशाळेचे साहाय्य करावे लागते. पहिला हप्ता खात्यात यायला वेळ लागतो. वसतिगृह, खाणावळ आणि प्रवास यांसाठी पहिल्या दोन-तीन महिन्यांची तजवीज स्वतःकडे हवी.

शेवटचा अडसर विद्यापीठाच्या निकालाचा. वर्ग जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीस भरतात, आणि आपल्याकडील अनेक विद्यापीठांचे अंतिम सत्राचे निकाल तोपर्यंत लागतीलच याची खात्री नसते. अशा वेळी संस्था तात्पुरता प्रवेश देतात; मात्र प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेसह सर्व परीक्षा प्रवेशाच्या दिवसापूर्वी झालेल्या असाव्यात अशी अट असते, आणि तसे प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे पत्र लागते. जुना एखादा विषय राहिला असेल तर त्याची परीक्षाही याच मुदतीत होणे गरजेचे आहे. अंतिम गुणपत्रिका व तात्पुरते पदवी प्रमाणपत्र जमा करण्याची तारीख हमीपत्रात लिहिलेली असते. ती तारीख टिपून ठेवावी आणि मायग्रेशन प्रमाणपत्रासाठी विद्यापीठात अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे घर सोडण्याआधीच विचारून यावे, कारण बंगळुरूहून किंवा हैदराबादहून त्यासाठी परत येणे पहिल्या सत्रात परवडत नाही.